कानशीचा हात, लेझरची ओळ

अकोल्याच्या जठारपेठेत सत्काराची तलवार हवी असेल तर आता थांबावे लागत नाही. नाव सांगा, पद सांगा. चहा संपायच्या आत चकचकीत पात्यावर लेझरने ओळ उमटते. मूठ पितळी, ओतीव. साच्याची शिवण मुठीच्या खालच्या अंगाला तशीच राहिलेली, हाताला टोचते. पाते क्रोमच्या मुलाम्याचे. सत्कारमूर्ती ते दोन्ही हातांनी उंच धरतो, फोटो निघतो आणि तलवार शाल-श्रीफळासोबत कपाटाच्या माथ्यावर जाते. विकणारा याला बिनदिक्कत ‘नक्षीकाम’ म्हणतो आणि घेणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. हा लेख त्या न खटकण्याबद्दल आहे.

निमित्त अर्थातच नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार. लंडनच्या लिलावात एप्रिल २०२५ मध्ये ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतलेली ही फिरंग (युरोपी पात्याची तलवार) १८ ऑगस्टला मुंबईत आली. वऱ्हाडला सेनासाहेबसुभा रघुजी परके नाहीत. डिसेंबर १८०३ च्या देवगाव तहाने वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख हातचा जाईपर्यंत इथला वसूल निजामाशी वाटणीने भोसल्यांच्याच घरी जात होता. साहजिकच इकडे कौतुक झाले, मिरवणुकांचे बेत झाले. वर्तमानपत्रांनी किंमत छापली, सीताबर्डीच्या लढाईनंतर लूट झाली असावी हा अंदाज छापला, पात्यावरची रघुजींच्या नावाची देवनागरी ओळ छापली. मुठीच्या धातुकामावर ‘सोन्याची कोफ्तगारी’ या दोन शब्दांपलीकडे कोणी गेले नाही. पोलादावर बारीक आडव्याउभ्या रेघा पाडायच्या, त्यांत सोन्याची तार ठोकून बसवायची आणि घोटायची, ही कोफ्तगारी. काम सुरेख खरे, पण ते अंगावर चढवलेल्या दागिन्याचे सौंदर्य. दागिना उतरवला की खाली काय उरते, ते पाहायला डोळा वेगळा लागतो. बागलाणातल्या मुल्हेरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुठीचा घाट सोन्याआधी ठरतो, कडा कुठे दबाव्यात आणि कुठे उठाव्यात यावर. ते काम कानशीचे.

आपल्याकडे कानशीला कारागिरीत मान नाही. छिन्नीला आहे, हातोडीला आहे. कानस म्हणजे खरखर, बुरा, वेल्डिंगच्या दुकानातला पोऱ्या. पण खिशातल्या चाकूच्या पाठीवर वेल काढायची तर याच कानशीचा हात लागतो. पाते अजून मऊ असते, पाणी दिलेले नसते. शिकंज्यात उभे धरून पाठीवर समान अंतरावर खुणा करायच्या. तिधारी कानशीने प्रत्येक खुणेवर खाच पाडायची, एक डावीकडे झुकलेली, पुढची उजवीकडे. मग बारीक गोल कानशीने खाचेच्या पोटात वळण. दोन खाचांमध्ये जे उरते ते पान होते. काढलेले कुठे काहीच नसते, फक्त घासून टाकलेले असते. एखादी खाच केसभर खोल गेली तर ती भरता येत नाही. तिच्या मापाला उरलेल्या साऱ्या खाचा आणाव्या लागतात, नाहीतर पाते मोडीत. हे सगळे पाणी देण्याआधी, कारण एकदा पोलाद कडक झाले की कानस वरून घसरते. लेझरला मात्र पोलाद कडक की मऊ याचे सोयरसुतक नसते. तो वरची कातडी भाजतो. डोळे मिटून अंगठा फिरवा: लेझरची ओळ जेमतेम लागते, कानशीची खाच अंगठा धरून ठेवते. चाकू चालवताना अंगठा पाठीवर टेकतो तो नेमका तिथेच. म्हणून ती नक्षी तिथे असते.

बंदुकीचेही तसेच. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर वऱ्हाडात ज्या जुन्या दुनळ्या रानडुकरांसाठी अजून निघतात, त्यांतल्या एखादीच्या दोन नळ्यांमधली पट्टी उन्हात धरून पाहावी. बारीक रेघांनी ती मुद्दाम निस्तेज केलेली दिसेल, नेम धरताना झळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून. गरज आणि शोभा एकाच हाताने निघतात तेव्हा ते काम टिकते.

या जातीचे आपल्या नात्यातले सर्वांत मोठे काम तंजावरचे. नायकांच्या काळात घडलेल्या आणि पुढे भोसल्यांच्या शस्त्रागारात राहिलेल्या तिथल्या कट्यारींच्या हात झाकणाऱ्या पोलादी ढाप्या आरपार जाळीच्या आहेत; याळी (काल्पनिक सिंह), मोर, वेली, सगळे पोलाद कोरून आणि घासून मोकळे केलेले. पाती पुष्कळदा युरोपातून आलेली, मान मुठीला. जाळीचा एकेक दांडा जवळून पाहिला तर त्याच्या चारही बाजू गोल केलेल्या दिसतात, आतली बाजूसुद्धा, जी कट्यार हातात असताना कोणालाच दिसत नाही. १८५५ मध्ये संस्थान खालसा झाले, शस्त्रागार फुटले, बराच माल मोडीत गेला. उरलेल्यातला मोठा वाटा मद्रासच्या सरकारी संग्रहालयात आणि काही थेट न्यूयॉर्कला. महाराष्ट्रात तंजावर म्हटले की ग्रंथालय आठवते, लावण्या आठवतात. कट्यारी कोणाच्या आठवणीत नाहीत.

आणि मग अडकित्ता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचेमागे अडकित्त्यांची रांग आहे, आणि बहुतेक पाहुणे ती मस्तानी महालाच्या वाटेवर ओलांडतात. बिजागरी, पाते, दोन दांडे: खिशातल्या चाकूचा हा सख्खा भाऊ. मोराच्या अडकित्त्यात पिसारा कानशीच्या ओळींनी उतरतो, ओळी शेपटाकडे जवळजवळ येत जातात, आणि बिजागरीचा खिळाच फुलाचा मध्य होऊन बसतो. दांडे उघडले की चोची दूर जातात, सुपारी फुटली की पुन्हा भेटतात. हे चित्र हलते, आणि हलण्यासाठीच काढलेले असते. केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, हे गोळा केले तेव्हा लोकांनी त्यांना वेडे ठरवले असणार. तिकडे सॅम्युएल आयलेनबर्ग या गणितज्ञाने आशियाभरचे अडकित्ते जमवले आणि त्यांवर हेन्री ब्राउनरिगने आख्खे पुस्तक लिहिले. अंजनगाव-सुर्जी आणि अकोटचे पानमळे ज्या मुलखात आहेत, त्या मुलखाने अडकित्त्यावर काय लिहिले? शून्य.

बाकीच्या कामांची वासलात लवकर लावता येते. इटलीतल्या गार्दोनेचे बारीक टिंबांचे कोरीवकाम, फिर्मो फ्राकासीसारख्याच्या हातचेही, थक्क करते. पण तो बंदुकीवर काढलेला फोटो आहे. पाकिस्तानातल्या वझिराबादचे ‘दमास्कस’ सुरे पाठीवर कानशीचे दाते घेऊनच येतात, सगळ्यांवर तेच दाते, करवतीसारखे. रामपूरने चौकात २० फुटी चाकू उभा केला. चाकूवरचे प्रेम फुटांत मोजायचे असेल तर ठीक. दौलताबादची मेंढा तोफ ओतकाम आहे, थोर आहे, या खटल्यात साक्षीदार नाही. फ्रान्समधल्या लागिओल गावाच्या चाकूला मात्र सलाम. तिथल्या चांगल्या चाकूची कमान आजही हातानेच घासली जाते, आणि कमानीवरची नक्षी पाहून जाणकार कारागिराला ओळखतात.

ओळखतात, हा मुद्दा आहे. आपल्याकडे ओळखणारा डोळाच उरला नाही, मग हात कशाला उरेल? कोणी म्हणेल, हा यंत्राचा द्वेष झाला. मुळीच नाही. ग्राइंडरने पाते उतरवा, ड्रिलने भोक पाडा. तंजावरच्या कारागिराला ड्रिल मिळाले असते तर त्याने ते खुशाल वापरले असते. आक्षेप आहे तो निर्णय घेणारा हातच काढून टाकण्याला. दुसरा बचाव कायद्याचा: शस्त्र नियमांनी कला मारली. घरगुती किंवा शेतीकामाचे नसलेल्या, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागू शकतो हे खरे, पण अडकित्त्याला कोणी अडवले होते? अडकित्ता मेला तो पुडीतल्या सुपारीने आणि आपल्या आळसाने.

सरकारचा उत्साहही पाहा. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, त्याच वर्षी वाघनखे साताऱ्यात आली. ती खरी की खोटी यावर महाराष्ट्र महिनोन्‌महिने भांडला; ती कड्यांसह घडवली कशी, हा प्रश्न एकाही चर्चेत आला नाही. दांडपट्ट्याच्या खोबळ्यावरचे मुख घासायला आज कोणी बसले तर त्याला काम देणारे एक तरी खाते आहे का? पुतळ्यांना निविदा निघतात, कानशीला निघत नाही. संग्रहालयांच्या पाट्या ‘लोखंड, पितळ, १९ वे शतक’ एवढे सांगून गप्प बसतात. कारागिराचे नाव नसेल तर नसो, निदान हत्याराचे तरी लिहा: तिधारी, गोल, चपटी.

तेव्हा वऱ्हाडातल्या सत्कार समित्यांना एक सूचना. यापुढे तलवार देऊ नये, अडकित्ता द्यावा. हाताने घासलेला, बिजागरी घट्ट, पात्याला धार. तो उंच धरून फोटो काढता येणार नाही हे मान्य. रघुजींची तलवार अकोल्या-अमरावतीत दाखवायला आणली तर तिच्याशेजारी एक भिंग ठेवावे, एक शिकंजा, आणि घरोघरच्या फडताळांतून मागून आणलेले चार जुने अडकित्ते. ज्यांच्या घरी असा अडकित्ता असेल त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी एकदा तेलाचे बोट लावून उघडून पाहावा. त्याच्या खाचा डोळे मिटून मोजता येतात.