मंडळीची संकल्पना आणि नेतृत्व : डहाणू परिसरातील ब्रदरन परंपरेची चिकित्सा

प्रस्तावना :
मंडळीचे नेतृत्व हा वरवर पाहता प्रशासनाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो 'मंडळी म्हणजे काय' या ईश्वरविज्ञानातील प्रश्नाचे उत्तर असतो. धाकटी डहाणूसारखी मच्छीमारांची गावे आणि पूर्वेकडील वारली पाडे यांनी बनलेल्या डहाणू परिसरात अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रदरन या पंथाच्या मिशनने कार्य केले. विल्बर स्टोव्हर व त्यांचे सहकारी १८९४ साली भारतात आले. वलसाडनंतर डहाणू हेही या मिशनचे, विशेषतः रुग्णसेवेचे, केंद्र झाले.

मंडळीविषयक भूमिका :
जर्मनीत १७०८ साली उदयास आलेला हा पंथ बॅप्टिस्टांहून वेगळा आहे. तथापि, जाणत्या वयात विश्वास प्रकट करून घेतलेला बाप्तिस्मा हा दोहोंचा समान पाया होय. मंडळी जन्माने नव्हे, तर स्वेच्छेने घडते. म्हणून वडील व सेवक निवडण्याचा अधिकार सभासदांकडे येतो. प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुण्याचा ब्रदरन विधी हेच सूत्र कृतीत आणतो. येथे नेता हा प्रथम सेवक ठरतो.

विचार आणि व्यवहार :
मात्र या समतेला मिशनच्या रचनेने मर्यादा घातली. जमीन, शाळा व रुग्णालय यांची सूत्रे मिशनकडे आणि पाळकाचे वेतनही तेथूनच, अशा स्थितीत पाळक मंडळीपेक्षा मिशनला अधिक उत्तरदायी होणे स्वाभाविक होते. निवडीचा अधिकार तत्त्वतः मंडळीचा असला, तरी साधनांवरील अधिकार तिचा नव्हता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तीत उत्तर भारतातील बॅप्टिस्ट व ब्रदरन दोघेही सामील झाले. बालबाप्तिस्मा व प्रौढ बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय तिने मान्य केले. परंतु बिशपपदही स्वीकारले. त्यामुळे स्थानिक सभेच्या वर डायोसिस व सिनॉड यांची उतरंड आली. गुजरातमधील ब्रदरनांचा एक गट पुढे वेगळा झाला. मालमत्तेच्या वादात, केवळ ठराव संमत केल्याने कायदेशीर विलीनीकरण होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. हा निर्णय संस्था व विश्वस्त कायद्यावर आधारलेला असला, तरी त्यामागील वाद 'मंडळीच्या वतीने निर्णय कोणी घ्यावा' या जुन्या प्रश्नाशी निगडित आहे.

निष्कर्ष :
ऐक्याने लहान मंडळ्यांना व्यापक आधार दिला, हे नाकारता येत नाही. तथापि, सभासदांच्या संमतीवर उभ्या असलेल्या परंपरेत वरिष्ठांच्या संमतीने झालेले ऐक्य अपुरे पडते. बिशपपद आणि सर्व विश्वासणाऱ्यांचे याजकत्व परस्परविरोधी असलेच पाहिजेत असे नाही. मात्र हिशेब, नेमणुका व मालमत्ता यांत सामान्य सभासदाचा शब्द चालत नसेल, तर पाय धुण्याचा विधी केवळ विधीच उरतो. ब्रदरन परंपरेचे मूल्यमापन याच निकषावर व्हावयास हवे.