‘वायर जोडते’ म्हणजे नेमके काय?

या व्याख्यानमालेत टीका होते ती बहुधा पुस्तकांवर. आज आम्ही ज्या लिखाणाबद्दल बोलणार आहोत ते साहित्य म्हणून कुणी वाचत नाही. एआय एजंटाला सर्किटचा आराखडा, म्हणजे स्किमॅटिक, बदलू देणारी साधने आता निघाली आहेत. त्यांच्या माहितीपुस्तिका हा आजचा विषय.

यातली बरीच साधने कीकॅडभोवती आहेत. कीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर. २०२१च्या अखेरीस आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून त्याची स्किमॅटिक फाइल म्हणजे कंसांत मांडलेला, वाचता येणारा मजकूर असतो. मजकूर म्हटला की भाषा-मॉडेलला त्यात हात घालता येतो. त्यात नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. त्याच्या पद्धतीत प्रत्येक साधनाला एक नाव, एक वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याचा तक्ता असतो. एजंट वाचतो तो हाच मजकूर.

आमचा पहिला मुद्दा इथलाच. माणूस पुस्तिका न वाचताही निभावून नेतो. वायर तुटलेली त्याला दिसते, नाहीतर शेजारच्याला विचारतो. एजंटाच्या हाती मात्र बऱ्याचदा ते एकच वाक्य असते. त्यामुळे ते वाक्य चुकले किंवा अपुरे राहिले, तर साधनच बिघडले असे समजायला हवे.

आता ही वाक्ये कशी असतात? ‘घटक ठेवते.’ ‘वायर जोडते.’ संपले! पण जोडते म्हणजे काय हो? कोणती पिन कशाला जोडली आहे, याची यादी कीकॅडच्या स्किमॅटिक फाइलमध्ये नसते. वायरीची टोके कुठे आहेत, चिन्ह कुठे ठेवले आहे, एवढेच असते. जोडणी त्या जागांवरून काढली जाते. टोक पिनेवर नेमके पडले तर जोडणी झाली. थोडे बाजूला पडले, तर कागदावर सगळे छान आणि सर्किट तुटलेले.

आम्ही स्वतः फसलो ते याहून वाईट रीतीने. साधनाचे नाव घेत नाही. एक ऑप-अँपचा साधा अँप्लिफायर करायला सांगितला होता. प्रत्येक वायरीनंतर ‘यशस्वी’ असे उत्तर आले. ईआरसी, म्हणजे कीकॅडची विद्युत-नियम तपासणी, तीही काही बोलली नाही. मग नेटलिस्ट काढून बघितली, तर अधिक आणि उणे इनपुटची अदलाबदल! कारण असे, की कीकॅडच्या चिन्हसंग्रहात उभा अक्ष वरच्या दिशेने वाढतो आणि स्किमॅटिकच्या पानावर तोच खालच्या दिशेने. साधनाने हा फरक धरलाच नव्हता. त्यामुळे आउटपुटकडून परत येणारी वायर उण्याऐवजी अधिक इनपुटला लागली. असे सर्किट सिग्नल वाढवत नाही, त्याचे आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटते. ईआरसी तरी काय करणार? दोन्ही पिना इनपुटच्या, दोन्ही जोडलेल्या. नियम एकही मोडला नव्हता.

आणि पुस्तिकेत अक्षांबद्दल एक अक्षर नव्हते. ‘ईआरसीत शून्य चुका’ हे मात्र ठळक होते. आमचा खरा आक्षेप यावर आहे. ईआरसी मोकळी राहिलेली पिन सांगेल, एकमेकांना भिडलेली दोन आउटपुटे सांगेल. तुमच्या मनात कोणते सर्किट होते, ते तिला माहीत नसते. शिवाय तिला गप्पही करता येते. ‘जोडायची नाही’ अशी खूण पिनेवर ठेवली की मोकळ्या पिनेची तक्रार मिटते. खूण रास्त आहे, पण ती एजंटाने कधी ठेवावी आणि ठेवल्यावर आपल्याला कळवावे की नाही, हे पुस्तिकेत नको का?

लिहिणाऱ्यांची अडचण आम्हाला दिसते. यात हौसेने, फुकट काम करणारे पुष्कळ आहेत. २०२५च्या नवव्या आवृत्तीत कीकॅडने बाहेरच्या प्रोग्रामांसाठी नवा अधिकृत मार्ग दिला, तोही पीसीबीपुरता. त्या आवृत्तीत स्किमॅटिकसाठी फाइलमध्येच लिहावे लागते. पण म्हणूनच चार गोष्टी लिहाव्यात. मापे कशात आणि अक्ष कोणत्या दिशेने? पिन ओळखायची क्रमांकाने की नावाने, आणि सापडली नाही तर काय? तीच फाइल कीकॅडमध्ये उघडी असेल तर कोणाचे बदल टिकतील? आणि ‘यशस्वी’ म्हणजे फाइल लिहिली गेली, की नेटलिस्टमध्ये जोडणी तपासली?

हे आपल्यापासून लांब नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ई-सिमही कीकॅडच्या आधारानेच चालते. तिथून सर्किट शिकणाऱ्या मुलाने उद्या एजंट वापरला, तर ‘यशस्वी’ या शब्दावर तो विश्वास ठेवणार. बोर्ड बनून हातात येईल, पैसे गेलेले असतील, आणि आपल्यालाच काही येत नाही असे त्याला वाटेल. चूक पुस्तिकेतल्या न लिहिलेल्या एका ओळीची असेल.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की अशी पुस्तिका हातात आली तर आधी ‘यशस्वी’चा अर्थ शोधा. सापडला नाही, तर नेटलिस्ट स्वतः वाचा. आता प्रश्न घेऊ.