ठिकाण कळले, धोका कळला का?

उघड्या खाणींतले महाकाय डंपर आता उपग्रहांच्या नजरेखाली धावतात आणि त्यामुळे अपघात टळतात, अशा अर्थाची वाक्ये लोकप्रिय विज्ञानलेखांत आणि यंत्रे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत वारंवार वाचायला मिळतात. या विधानाचा पहिला भाग चुकीचा आहे आणि दुसरा अपुरा. दोन्ही भाग वर्गात तपासून पाहता येतील, त्यासाठी आठवी-नववीचे गणित पुरेसे आहे.

आधी 'नजर' हा शब्द घेऊ. जीपीएसचे उपग्रह काहीही पाहत नाहीत. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फक्त अचूक वेळेचे आणि स्वतःच्या स्थानाचे संकेत पाठवत राहतात. डंपरवरचा रिसीव्हर निदान चार उपग्रहांचे संकेत पकडतो, ते यायला किती वेळ लागला यावरून अंतरे काढतो आणि आपण कोठे आहोत याचे गणित मांडतो. त्या उपग्रहांना डंपरचा पत्ताही नसतो. डंपर कोठे आहे हे इतरांना कळते ते त्याने आपले स्थान रेडिओवरून कळवले तर. म्हणजे ज्याच्याजवळ रिसीव्हर आणि रेडिओ नाही, तो या यंत्रणेच्या लेखी नाहीच. रस्त्यावर घरंगळलेला दगड, बंद पडलेल्या गाडीतून खाली उतरलेला मेकॅनिक, आज सकाळीच आलेल्या कंत्राटदाराची जीप, यांपैकी काहीच पडद्यावर उमटत नाही. पडदा मात्र स्वच्छ दिसतो, आणि स्वच्छ पडदा पाहून माणूस निर्धास्त होतो.

गरज खरी आहे, यात वाद नाही. कॅटरपिलर कंपनीचा ७९७ एफ हा डंपर एका खेपेला सुमारे ३६३ टन माल नेतो. भरल्यावर त्याचे एकूण वजन ६२० टनांच्या घरात जाते. चाकाचाच व्यास चार मीटर. चालक डाव्या बाजूला उंच केबिनमध्ये बसतो. समजा, त्याचे डोळे जमिनीपासून ६ मीटर उंचीवर आहेत. उजवीकडच्या सज्जाची कड त्याच्यापासून ५ मीटर दूर आणि डोळ्यांच्या पातळीखाली दीड मीटर आहे. (आकडे सोयीसाठी घेतले आहेत.) कडेवरून जाणारी दृष्टिरेषा दर मीटरला ३० सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे ती जमिनीला टेकते चालकापासून २० मीटरवर. दोन मीटर उंचीची जीप १३ मीटरच्या आत उभी असेल, तर तिचा टपही त्याला दिसणार नाही. समरूप त्रिकोणांचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. खाणीतल्या जीपगाड्यांवर उंच काठी, तिच्या टोकाला झेंडा आणि दिवा लावतात तो याचसाठी. त्यात धूळ, धुके आणि रात्रपाळीची झोप मिळवली, की चालकाला मदत हवी हे उघड आहे.

पण ही यंत्रणा मुळात या मदतीसाठी जन्मली नाही. अमेरिकेतल्या टूसॉन येथे १९७९ मध्ये स्थापन झालेल्या मॉड्युलर मायनिंग सिस्टिम्स या कंपनीने अशा प्रणाली प्रथम आणल्या, त्या कोणता डंपर कोणत्या शॉवेलकडे पाठवावा हे ठरवण्यासाठी. रिकामा उभा राहिलेला डंपर म्हणजे बुडालेले पैसे. जीपीएस आल्यावर हे काम सोपे झाले आणि सुरक्षिततेचा उपयोग त्यावर नंतर चढवला गेला. टनांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला डंपर दहा मीटर इकडे की तिकडे याने फरक पडत नाही. टक्कर टाळायची असेल तर पडतो.

येथे पत्रके अचूकतेचा आकडा पुढे करतात. २ मे २००० पर्यंत अमेरिकी लष्कर नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे आणि ती शंभर मीटरपर्यंत जाई. आज जमिनीवरच्या संदर्भकेंद्राची जोड दिली, तर काही सेंटिमीटरांपर्यंत पोचता येते. ही प्रगती मोठी आहे, परंतु धावत्या वाहनांत अचूकता ही शिळेपणाबरोबर मोजावी लागते. समोरासमोर येणारी दोन वाहने ताशी ४० किलोमीटरने चालली आहेत. त्यांच्यातले अंतर सेकंदाला सुमारे २२ मीटरने घटते. खाणीच्या वळणावर रेडिओ अडखळला आणि पडद्यावरचे स्थान दोन सेकंद जुने असले, तर चूक ४४ मीटरची. सेंटिमीटरांची बढाई तेथे काय कामाची? शिवाय खाण जितकी खोल, तितके तिच्या भिंतींनी आकाश झाकलेले. केवळ डोक्यावरचेच उपग्रह उरले की मापन ढिले पडते. ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू यांचे संकेत मिळवून ही उणीव बरीच भरून काढतात, पण खडकावर आपटून येणारे संकेत त्रास देतातच.

मग चालकच काढून टाकला तर? चिलीतील गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत २००८ मध्ये विनाचालक डंपर नियमित कामाला लागले, आणि त्याच सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात लोहखनिजाच्या खाणींतही. थकवा, झोप, अंधारी बाजू हे प्रश्न त्या केबिनपुरते सुटले, आणि हे यश मान्य करायला हवे. पण ऑगस्ट २०१४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात असाच एक डंपर चौकात उजवीकडे वळला आणि समोरून येणाऱ्या पाण्याच्या टँकरवर आदळला. टँकरमध्ये माणूस होता. सुदैवाने तो किरकोळ जखमांवर सुटला. तेथील सरकारी खाण विभागाने प्रसिद्ध केलेला या घटनेचा वृत्तांत मुळातून वाचण्याजोगा आहे. डंपरला टँकर दिसलाच नाही असे घडले नव्हते. डंपर कोणत्या वाटेने जाणार हे टँकरचालकाला नीट ठाऊक नव्हते, आणि डंपरला अडथळा कळला तेव्हा थांबायला अंतर उरले नव्हते. दोघांची ठिकाणे यंत्रणेला माहीत होती! माहीत नव्हता तो एका माणसाला दुसऱ्याचा बेत. दोन माणसांच्या डोळाभेटीने जे काम होत असे, ते करणारे काहीच तेथे नव्हते.

माझा मुख्य आक्षेप क्रमाबद्दल आहे. मोठ्या खाणकंपन्यांनी मिळून स्थापलेल्या 'एमेस्र्ट' या मंचाने वाहनांच्या टकरी टाळण्याचे नऊ थर सांगितले आहेत. त्यांत वाहतूक वेगळी ठेवणे अगदी आरंभी येते; चालकाला जाणीव देणारी, सल्ला देणारी आणि स्वतः ब्रेक लावणारी उपकरणे येतात शेवटच्या तीन थरांत. खरेदी मात्र शेवटच्या थरापासून सुरू होते, कारण पडदा दाखवता येतो. अमेरिकी नियमांनुसार रस्त्याच्या कडेचा बांध सर्वांत मोठ्या वाहनाच्या आसाच्या उंचीइतका तरी हवा. चार मीटर व्यासाच्या चाकाला दोन मीटरचा मातीचा बांध. त्याला वीज लागत नाही, संकेत लागत नाही, आणि तो धुक्यातही जागेवर असतो. सुरुंगानंतर रस्ता बदलला की पडद्यावरचा नकाशा कोणी तरी बदलायला हवा. बांध नाही बांधला तर तो नाही हे डोळ्यांना दिसते. भोंग्यांचेही तसेच. शॉवेलजवळ डंपर दर खेपेला जाणारच, आणि दर खेपेला भोंगा वाजला तर चालक तो ऐकणे सोडून देतो. मग खऱ्या धोक्याचा भोंगा त्याच्या कानी वेगळा पडत नाही.

चंद्रपूर, वणी, उमरेड भागांतल्या शिक्षकांच्या वर्गांत डंपर चालवणाऱ्यांची मुले असतील. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या कोळसाखाणी त्यांच्या गावांना लागून आहेत. वर दिलेले समरूप त्रिकोणांचे गणित या मुलांना घरी न्यायला सांगा. केबिनची उंची आणि सज्जाची रुंदी वडिलांना विचारून खरे आकडे भरू द्या, आणि त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारून यायला सांगा: डंपरजवळ जीप आणायची असेल, तर तुमच्या खाणीत आधी कोणाला विचारतात, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत जीप कोठे थांबते?