आसन सोडताना

घरी योगाभ्यास सुरू करायचाय, एखादं पुस्तक सुचवा, असं कुणी म्हटलं की मी हातातलं पुस्तक भुजंगासनाच्या पानावर उघडतो. चित्र बघत नाही. डोकं वर, छाती पुढे, चेहऱ्यावर हसू, ते बहुतेक पुस्तकांत सारखंच असतं. मी बघतो ते आसन सोडायची कृती लिहिली आहे का. वर जायचं कसं ते सगळेच सांगतात. खाली कसं यायचं, आधी छाती की आधी कपाळ, श्वास कुठे सोडायचा, किती वेळात यायचं, हे जिथे लिहिलेलं असतं ते पुस्तक मी पुढे चाळतो. नसेल तर मिटून ठेवतो.

ही सवय मानेनं शिकवलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका पुस्तकावरून हलासन करत होतो. पाय डोक्यामागे टेकेपर्यंतच्या सूचना अगदी नीट होत्या, चार चित्रं होती. परत येण्याबद्दल एकच वाक्य होतं, की मूळ स्थितीत यावे. मी आलो. पाय एकदम खाली आले, कंबर सतरंजीवर आदळली आणि मानेत अशी कळ गेली की तीन आठवडे मागे वळून बघता येईना. त्या एका वाक्याच्या जागी पाच वाक्यं असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मी राहतो ते पुरुषोत्तमनगर म्हणजे शहादा तालुक्यातली सातपुडा साखर कारखान्याची वसाहत. गळीत हंगाम सुरू झाला की गच्चीवर काजळी उतरते, हवेत मळीचा वास असतो, आणि घरातला दिवस कारखान्याच्या पाळीप्रमाणे चालतो. अशा घरात पहाटे सहाचा वर्ग कोण गाठणार? रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी झोपतो, त्याच्या घरातली बाई त्याच वेळी डबे करते. योग शिकायचा तर तो इथल्या बऱ्याच जणांना घरीच, मिळेल त्या अर्ध्या तासात शिकावा लागतो. म्हणून पुस्तक आणि व्हिडिओ यांची निवड हा इथे हौसेचा प्रश्न नाही. शिकवणारं दुसरं कुणी नसतं.

खरं तर आधुनिक काळात योग कागदावर आणण्याच्या कामाशी खानदेशाचं जवळचं नातं आहे. जगन्नाथ गणेश गुणे, पुढचे स्वामी कुवलयानंद, अमळनेरला शिक्षक होते, तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांचे गुरू परमहंस माधवदास मालसरला राहत, नर्मदेच्या काठी. तीच नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहत पुढे गुजरातेत जाते. 1924 मध्ये कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. आसन करताना शरीरात नेमकं काय होतं ते क्ष-किरणांनी, दाबमापकांनी तपासायचं आणि मग लिहायचं, हा त्यांचा शिरस्ता. माधवदासांचेच दुसरे शिष्य श्री योगेंद्र यांनी 1918 मध्ये मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट सुरू केली होती. गुहेतला, आश्रमातला योग घरातल्या सतरंजीवर आणायची खटपट या दोघांनी केली, आणि दोघांचंही मुख्य साधन छापील शब्द हेच होतं.

कुवलयानंदांचं आसनांवरचं पुस्तक 1930 च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यातल्या भुजंगासनात बेंबीपासून खालचं शरीर जमिनीलाच राहतं. हातांनी रेटून वर जायचं नाही. पाठीच्या स्नायूंनी कणा एकेक मणका करत उचलायचा, आणि ताण वरून खाली सरकत जाताना आपल्याला जाणवला पाहिजे. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचं 1969 चं ‘आसन प्राणायाम मुद्रा बंध’ उघडलं, तर तिथे बेंबी उचलायला परवानगी आहे, पण जास्तीत जास्त 3 सेंटिमीटर. आणि बी. के. एस. अय्यंगारांच्या 1966 च्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये, मराठीतल्या ‘योगदीपिके’त, हात सरळ ताठ होतात, धड पुरतं वर जातं, जमिनीला टेकलेलं असतं ते ओटीपोटाच्या खालचं हाड.

नाव एकच, पण कमरेवर येणारा ताण तिन्हींत वेगळा. घरी शिकणाऱ्याची फसगत इथेच होते. सोमवारी एक पुस्तक, मंगळवारी दुसरा व्हिडिओ, बुधवारी शेजाऱ्याच्या मोबाइलवरचा तिसरा. तिन्ही म्हणतात भुजंगासन. माणसाला वाटतं आपण एकच आसन तीन दिवस केलं. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की वर्षभर एकाच परंपरेचं बोट धरावं. कोणती परंपरा श्रेष्ठ हा वाद नंतर घालता येईल, सरमिसळ मात्र करू नये.

अय्यंगारांच्या पुस्तकाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ते अनेकांच्या कपाटात असतं आणि उघडणारे थोडे. सहाशेच्या आसपास छायाचित्रं, दोनशे आसनं. 1937 पासून पुण्यात शिकवत आलेल्या माणसाचं हे पुस्तक आहे, आणि त्यातला शब्दन् शब्द शरीरावर घासून घेतलेला आहे. गुडघ्याची वाटी वर ओढा, टाचेची बाहेरची कड दाबा, इतकं बारीक सांगणारं पुस्तक त्याआधी माझ्या पाहण्यात नाही. पण लोक त्यातली छायाचित्रं बघतात आणि शेवटची पानं बघत नाहीत. प्रत्येक आसनाच्या नावापुढे तारांकनासोबत एक आकडा आहे. तो अवघडपणा सांगतो, आणि तो साठापर्यंत जातो. शेवटी 300 आठवड्यांचा अभ्यासक्रम दिलाय. 300 आठवडे म्हणजे पावणेसहा वर्षं! जो लेखक वाचकाकडे पावणेसहा वर्षं मागतो, त्याच्या पुस्तकाचं मधलंच पान उघडून चाळिसाव्या पायरीवर चढणं हा वाचकाचा दोष आहे. तरीही नवशिक्यानं घरी एकट्यानं याच पुस्तकापासून सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही. शरीर थोडं कळायला लागल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, हे पुस्तक खरं बोलायला लागतं.

सुरुवातीसाठी मराठीत त्याहून साधी आणि जास्त उपयोगी परंपरा आहे, आणि तिचं कौतुक फारसं कुणी करत नाही. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाची ‘सुलभ सांघिक आसने’ ही पुस्तिका घ्या. नाशिकच्या योग विद्या धामची, डॉ. विश्वास मंडलिकांची पाठ्यपुस्तकं घ्या. कागद साधा, चित्रं साधी, मुखपृष्ठाकडे बघून कुणी विकत घेणार नाही. पण मंडलिकांच्या मांडणीत पूर्वस्थिती असते, आसन घेण्याची कृती असते, आसनस्थिती असते, आणि आसन सोडण्याची कृती वेगळी, तितक्याच निगुतीनं दिलेली असते. त्यानंतर दक्षता. वर्गात हजारदा सूचना दिलेल्या माणसाचीच ही भाषा आहे. एका वाक्यात एक हालचाल. ‘श्वास घेत कपाळ उचला’ म्हटल्यावर वाचणारा पुस्तक बाजूला ठेवून ती हालचाल करू शकतो. तीन हालचाली एका वाक्यात कोंबल्या की त्याला मधेच मान वळवून पुन्हा वाचावं लागतं, आणि मान वळवण्याची ती वेळ नसते.

या सगळ्या पुस्तकांवर माझी एक तक्रार आहे, आणि ती गंभीर आहे. लाभांची यादी. प्रत्येक आसनाखाली मधुमेह, दमा, बद्धकोष्ठता, संधिवात अशी रोगांची रांग लागलेली असते. कुणाला नक्की कशानं, किती दिवसांत, कशाच्या जोडीनं बरं वाटलं याचा पत्ता नसतो. मधुमेहाची गोळी बंद करून मंडूकासन करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती त्या यादीच्याच भरवशावर होती. कुवलयानंदांनी प्रयोगशाळा काढून जी शिस्त घालून दिली, ती या याद्यांमध्ये पातळ झाली. उलट कुणी करू नये, ही ओळ मात्र अनेक पुस्तकांत गायब असते. मुंगेरचं पुस्तक या बाबतीत चोख आहे. भुजंगासनाखाली ते सांगतं, की पोटात व्रण, हर्निया, आतड्याचा क्षय किंवा थायरॉइडचा अतिरेक असेल तर जाणकाराशिवाय करू नका. हठप्रदीपिकेनंसुद्धा बजावून ठेवलंय, की प्राणायाम चुकला तर उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी मागे लागतात. जुन्या ग्रंथाला जो धोका सांगावासा वाटला, तो आजच्या पुस्तकाला का वाटू नये?

व्हिडिओचं प्रकरण आपल्याकडे दूरदर्शनपासून सुरू होतं. धीरेंद्र ब्रह्मचारींचा कार्यक्रम लागायचा, मग दोन हजारनंतर आस्था वाहिनीवर रामदेवबाबा आले आणि पहाटे घराघरांत कपालभातीचा आवाज ऐकू येऊ लागला. योग करायला पैसे, वर्ग, खास कपडे लागत नाहीत हे त्या काळात खेड्यापाड्यात पोचलं, ही मोठी गोष्ट झाली. पण हजारोंच्या शिबिराचं चित्रण बघत घरी करायचं म्हणजे त्या गर्दीचा वेग आपल्या अंगावर घ्यायचा. मैदानावरचा तरुण ज्या गतीनं पोट मारतो, ती गती साठीतल्या, रक्तदाब असलेल्या माणसाची नाही, हे पडद्याला कळत नाही. 1927 मध्ये गांधीजींनी प्रकृतीसाठी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रं गेली-आली. तेही दुरूनच शिकणं होतं, पण शिष्याचं उत्तर गुरूपर्यंत पोचत होतं. व्हिडिओत तेवढंच नसतं.

आजच्या व्हिडिओंत घरी वापरायला मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो आयुष मंत्रालयाचा सामायिक योगाभ्यासक्रम. पहिला आंतरराष्ट्रीय योग दिवस 21 जून 2015 ला झाला, त्या निमित्तानं तो आला. साधारण 45 मिनिटांचा क्रम: आधी मान, खांदे, कंबर, गुडघे सैल करायचे, मग उभ्यानं, बसून, पोटावर, पाठीवर, शेवटी प्राणायाम आणि ध्यान. त्याची पुस्तिका मराठीतही आहे. त्यात चमकदार काही नाही, आणि तेच त्याचं बळ आहे. ताडासन, वक्रासन, मकरासन, अर्धहलासन. यातलं काही चुकलं तरी माणूस मोडत नाही. सांताक्रूझच्या योग इन्स्टिट्यूटच्या हंसाजी योगेंद्र यांचे व्हिडिओ खुर्चीत बसूनही काय करता येईल ते सांगतात, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी मी तेच लावून देतो. अमेरिकेत ऑस्टिनहून एड्रिएन मिशलर 2012 पासून घरच्या घरी योग शिकवते आणि लाखो लोक तिच्याबरोबर करतात. जमत नसेल तर थांब, गुडघा टेक, असं ती मधूनमधून सांगत राहते. हे तिच्याकडून आपल्या शिकवणाऱ्यांनी जरूर घ्यावं.

आणि एक व्हिडिओ असा, की तो फक्त बघावा, त्याच्याबरोबर करू नये. 1938 ची मूक चित्रफीत, म्हैसूरची. कृष्णमाचार्य आणि त्यांचे तरुण शिष्य अय्यंगार. आवाज नाही, सूचना नाहीत. पण एका आसनातून दुसऱ्यात जाताना अय्यंगारांचं शरीर जसं सरकतं, ते बघितल्यावर आसन सोडणं हीसुद्धा आसनाचीच कृती आहे हे कळायला भाषण लागत नाही.

व्हिडिओची मोठी अडचण यंत्राची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मोबाइल जमिनीवर तांब्याला टेकवलेला. पोटावर झोपून भुजंगासन करताना तो बघायला मान डावीकडे वळते, आणि मान वळलेली असताना कणा मागे वाकतो. सर्वांगासनात तर डोळ्यांसमोर छत असतं, तरी लोक तिरप्या नजरेनं पडदा शोधतात. शवासनात जाहिरात वाजते. म्हणून व्हिडिओ आधी एकदा, बसून, चहा घेताना बघावा. करताना फक्त आवाज ऐकावा, पडदा पालथा घालून. या कसोटीला लावले तर निम्मे व्हिडिओ बाद होतात, कारण त्यांत ‘असं करा’, ‘आता इकडे’ एवढंच बोललेलं असतं.

आणखी एक उणीव मला सलते. आमच्या भागातली बाई दिवसभर उसात वाकलेली असते, मोळी डोक्यावर घेते. नंदुरबारच्या मिरची पथारीवर उकिडवं बसून देठ खुडते. तिला संध्याकाळी पादहस्तासन द्यायचं? ती दिवसभर तेच करून आलेली आहे. तिला हवं पोटावरचं, पाठ उलटी उघडणारं, मकरासनासारखं विसावा देणारं. सगळी पुस्तकं आणि व्हिडिओ खुर्चीवर बसून काम करणाऱ्या शरीरासाठी लिहिलेत. राबणाऱ्या शरीराचा अभ्यासक्रम माझ्या पाहण्यात एकही नाही.

आमच्या ओळीतल्या एक ताई मागच्या हंगामात आल्या. “मनी कंबर दुखी ऱ्हायनी,” म्हणाल्या. आधी डॉक्टरांना दाखवून घ्यायला लावलं. मग तीनच गोष्टी ठरवल्या: मकरासन, बेंबी न उचलता भुजंगासन, शवासन. पुस्तक त्यांना वाचायला जड जायचं, व्हिडिओतली हिंदी भरभर जायची. मग मी मंडलिकांच्या पद्धतीनं एकेक हालचाल सांगितली, आणि त्यांनी ती आपल्या बोलीत, आपल्या आवाजात मोबाइलवर भरून घेतली. पहिल्यांदा घाईत भरलं. ऐकून बघितलं तर खाली येण्याआधीच पुढची सूचना सुरू होत होती. त्यांनी ते पुसलं आणि दुसऱ्यांदा भरताना कपाळ टेकेपर्यंत मधे गप्प राहिल्या. आता फोन पालथा असतो, आणि त्या गप्प जागेत मागे फक्त घरातला पंखा ऐकू येतो.