‘देवाचा दरबार’ : प्रजा आणि नागरिक

नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून जातो. याच मार्गावरील एका प्रवासात नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या हाती एका युरोपीय सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. १८९५ मध्ये मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारणारा मनुष्य राज्यकर्त्यांचाच होतो, हा त्या काळचा समज त्यांच्या देशभक्तिपर कवितेने खोटा ठरविला. परंतु त्यांच्या श्रद्धेची शासनाविषयीची भूमिका कवितेपेक्षाही त्यांनी योजिलेल्या एका शब्दात अधिक स्पष्ट दिसते.

अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून १९१७ मध्ये टिळकांनी ख्रिस्तभक्तांचा जो समुदाय स्थापिला, त्यास ‘मंडळी’ हा रूढ शब्द न लावता त्यांनी ‘देवाचा दरबार’ म्हटले. ‘दरबार’ हा फारसीतून आलेला राजसत्तेचा शब्द होय. दिल्लीस सम्राटाचा दरबार भरून तेव्हा सहाच वर्षे झाली होती. तो शब्द देवाकडे वळविताच अंतिम सत्ता सम्राटाची नव्हे, आणि मिशनचीही नव्हे, हे सूचित होते. या दरबारात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते, ही गोष्ट त्या सूचनेशी सुसंगतच आहे.

तथापि या रूपकास मर्यादा आहे. दरबारात प्रजा असते, नागरिक नसतो. तेथे विनंती करता येते, हक्क सांगता येत नाही. अभंगपरंपरेतील भक्त देवाशी भांडतो हे खरे; पण ते भांडण जिव्हाळ्याचे असते, हक्काचे नव्हे. वस्तुतः नव्या करारात दोन्ही बाजू आहेत. पौल सत्तेच्या अधीन राहण्याचा उपदेश करतो, आणि फटक्यांचा प्रसंग येताच आपले रोमन नागरिकत्व पुढे करून पुढे कैसराकडे दादही मागतो. टिळकांच्या परिभाषेत अधीनतेस व बंधुत्वास शब्द लाभला. हक्कास लाभला नाही.

तो शब्द पुढे संविधानाने दिला. संविधान सभेच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. १९४९ मध्ये विधिमंडळांतील धर्माधारित राखीव जागा वगळण्याचा निर्णय झाला, त्यास त्यांनी पाठिंबा दिला. संरक्षित प्रजेचे स्थान सोडून समान नागरिकाचे स्थान पत्करणारी ही भूमिका होती. सत्तेची मर्यादा टिळकांच्या रूपकाने दाखविली. सत्तेतील वाटा दाखविण्यास मात्र ते अपुरे होते. त्यांच्या देशभक्तीचा गौरव करताना हा भेद दृष्टीआड होऊ नये.