ब्रेखुनॉव्हचा शेवटचा सौदा

उत्तरायुष्यातला टॉलस्टॉय म्हणजे बोधकथा, असं म्हणून अनेक जण त्याला बाजूला ठेवतात. त्यात तथ्य आहेच. ‘माणसं कशावर जगतात’ (१८८१) या कथेत मोच्याच्या घरी राहिलेला देवदूत शेवटी शिकलेले तीन धडे ओळीनं सांगतो. प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीवर ती काय करते हे लिहून ठेवणारे सहकारी असतात, तसं वाटतं. माझ्यासारख्या देव न मानणाऱ्याला तर तो देवदूत परकाच राहतो.

‘मालक आणि गडी’ (१८९५) मात्र मला सोडत नाही. वासिली ब्रेखुनॉव्ह हा खेड्यातला व्यापारी. रशियनमध्ये ‘ब्रेखुन’ म्हणजे थापाड्या. त्याच्या गड्याची, निकिताची, वर्षाची मजुरी ८० रूबल व्हायला हवी. हा देतो ४०, तेही बहुतेक स्वतःच्या दुकानातल्या महाग मालाच्या रूपात. वर आपण त्याचे उपकारकर्ते आहोत अशी याची प्रामाणिक समजूत! जंगलाचा सौदा दुसऱ्या कुणी मारू नये म्हणून तो हिमवादळात निघतो. रस्ता चुकतो, रात्र होते. तेव्हा निकिताला टाकून, घोड्यावर बसून पळतो आणि फिरून त्याच स्लेजपाशी येतो.

निकिता गारठून मरायला टेकलेला. आणि वासिली एकदम त्याच्या अंगावरचा बर्फ झटकतो, आपला फरकोट उघडतो आणि त्याच्यावर आडवा होतो. टॉलस्टॉय लिहितो की फायद्याची खरेदी झाल्यावर हातावर हात मारावा, त्याच निर्धारानं त्यानं हे केलं. कथेचं सगळं बळ मला या उपमेत दिसतं. इथं पापी माणसाचा साधू होत नाही. तोच हिशेबी, बढाईखोर माणूस तीच धडाडी वेगळ्या कामाला लावतो. निकिताला ऊब देतानाही स्वतःवर खूश होऊन बोलतो. स्वभाव बदलल्याशिवाय चांगुलपणा नाही, असं टॉलस्टॉयच्या प्रवचनांवरून वाटतं. ही कथा त्या टॉलस्टॉयचंही ऐकत नाही.

पण एक गोष्ट खटकते, आणि ती खटकावी असंच मला वाटतं. मरतोय असं वाटून निकिता मालकाला म्हणतो, माझे राहिलेले पैसे पोराला द्या, नाहीतर बायकोला. वासिली त्याला स्वतःचा जीव देतो. पैशांचं काय झालं? शेवटच्या प्रकरणात त्याबद्दल अवाक्षर नाही. निकिताच्या पायाची तीन बोटं जातात. पुढे तो २० वर्षं जगतो, आधी मजुरी करत, म्हातारपणी राखणदार म्हणून. मरताना त्याला बरं वाटतं, कारण मुला-सुनेच्या डोक्यावरचा त्याला पोसायचा भार उतरतोय.