समेआधीच्या चार मात्रा : पं. राम मराठे यांची मैफल

ठाणेकर पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांच्या गाण्याविषयी लिहिताना ‘तडफदार’ हा शब्द हटकून येतो. तो अपुरा आहे. तडफ ध्वनिमुद्रणातही ऐकू येते. त्यांची मैफल रंगे ती समेच्या अलीकडे. जगन्नाथबुवा पुरोहितांकडून मिळालेली आग्रा वळणाची बोल-उपज आणि अंगात मुरलेला तबला, यांच्या बळावर ते आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रांपर्यंत ‘आता सम हुकणार’ अशी धास्ती लावत आणि मुखडा नेमका पकडत. तबलजीसह अख्खी सभा ती धास्ती वाटून घेई. निव्वळ गोडव्यात मी त्यांचा आवाज पहिल्या पंगतीत बसवणार नाही. पण मैफलीत त्याची उणीव भासत नसे, ती याचमुळे. ‘मंदारमाला’ (१९६३) त्यांनीच स्वरबद्ध केले, त्यात भूमिकाही केली. तरी नाट्यपदात या खेळाला जागा थोडी. केवळ नाट्यगीतांवरून त्यांना जोखणारे समीक्षक निम्मेच जोखतात.

हल्ली घरून बसवून आणलेल्या तिहायांना टाळ्या पडतात. १९२६ पासूनच्या कल्याण गायन समाजाच्या परंपरेतला जुना श्रोता मात्र तेव्हा गप्प बसतो.